सिकलसेलच्या जीनसाठी पीसीआर चिप कॉलेजच्या लॅबमध्ये कशी बनवायची

मागच्या वर्षी प्रोजेक्ट ठरवायच्या वेळी आमच्या एमएस्सीतली सुरगाण्याकडची एक मुलगी म्हणाली, मॅडम, माझ्या भावाचे सांधे पाच वर्षं दुखत होते, सगळे वात म्हणून तेल चोळायचे, शेवटी नाशिकला आणला तेव्हा सिकलसेल निघाला, तर ही तपासणी तिकडेच व्हावी असं काही आपल्याला करता येईल का. मी तिला लगेच हो म्हटलं नाही, कारण लॅबमधली चिप, म्हणजे ज्याच्या बारीक खोलीत थेंबभर द्रवावर तपासणी होते तो छोटा तुकडा, आणि पेशंटच्या हातात द्यायचा रिपोर्ट यात बरंच अंतर आहे, पण त्या प्रश्नावरून आम्ही आठ महिने जे काही केलं, जे बिघडलं आणि जे जमलं, ते सगळं इथे लिहून ठेवतेय. नाशिकमध्ये, आणि कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी, साध्या बायोटेक लॅबमध्ये हे करता येतं, क्लीनरूम, म्हणजे धूळ न येऊ देणारी खास खोली, लागत नाही, फक्त घाई चालत नाही.

आधी थोडं मागचं. पीसीआर म्हणजे द्रव पुन्हा पुन्हा गरम थंड करून डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायची पद्धत, एकदा गरम थंड केलं की एक फेरी. पीसीआरची कल्पना कॅरी मलिसला १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ ला त्याला त्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं हे सगळ्यांना पाठ असतं, पण १९८५ मध्ये सायन्स मासिकात पीसीआरचा जो पहिला पेपर आला तो सिकलसेलच्याच निदानावर होता हे मुलांना सांगितलं की ती एकदम सरसावून बसतात. म्हणजे आपण काही आडवाटेचा विषय घेतलेला नाही, पीसीआरची सुरुवातच इथून आहे. त्याच्याही आधी १९४९ मध्ये लायनस पॉलिंगने दाखवून दिलं होतं की सिकलसेलच्या पेशंटचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं. बीटा ग्लोबिन जीनमध्ये एका ठिकाणी जीएजी च्या जागी जीटीजी येतं, एकच अक्षर बदलतं, त्यामुळे ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या जागी व्हॅलिन बसतं आणि ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते. आपल्याला चिपवर हे एक अक्षरच वाचायचंय.

मग चिपच का, साधं थर्मल सायकलर, म्हणजे पीसीआरचं नेहमीचं मशीन, का नाही? साधं मशीन ट्यूब, ब्लॉक, गरम झाकण सगळं तापवतं आणि थंड करतं, त्यात वेळ जातो आणि वीज जाते. चिपमध्ये पाणी इतकं पातळ पसरलेलं असतं की उष्णता पटकन आत पोचते. हिशोब सोपा आहे, पाण्याचा थर १ मिमी जाड असेल तर उष्णता आरपार पसरायला साधारण ७ सेकंद लागतात, अर्धा मिमी केला तर दोनेक सेकंद, आणि ०.१ मिमी केला तर एका सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. जाडी निम्मी केली की वेळ चौथाई होतो, ही एक गोष्ट डोक्यात बसली की चिपचं अर्धं डिझाइन आपोआप होतं. आपल्याकडे गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट बघा, छोट्या चिपवर पीसीआर, बॅटरीवर चालतं, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने टीबीसाठी त्याची शिफारस केली. म्हणजे खेड्यात चिप चालू शकते का हा प्रश्न आता राहिलेला नाही.

डिझाइनचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात चिपमध्ये नागमोडी चॅनल असतो, खाली तीन वेगळ्या तापमानाचे पट्टे असतात आणि द्रव वाहत वाहत गरम, थंड, मध्यम असा फिरतो, १९९८ मध्ये कॉप, डी मेलो आणि मान्झ यांनी काचेच्या चिपवर असंच करून दाखवलं होतं, ९५, ७७ आणि ६० अंशाचे पट्टे आणि २० फेऱ्या. दिसायला फार सुंदर, पण सिरिंज पंप लागतो, फेऱ्यांची संख्या चॅनलमध्येच कोरलेली असते आणि एक बुडबुडा आला की अख्खी रांग अडते. दुसऱ्या प्रकारात द्रव एका खोलीत स्थिर बसतो आणि खालचा हीटरच गरम थंड होतो. पहिल्यांदा करणाऱ्याने दुसराच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही आधी नागमोडीच्या मागे लागलो आणि दोन महिने त्यात घातले, ते महिने परत मिळाले नाहीत.

साचा

खोलीचा आकार आम्ही पानासारखा ठेवला, दोन्ही टोकांना निमुळता, कारण चौकोनी खोलीच्या कोपऱ्यात हवा अडकते आणि काही केल्या निघत नाही. घनफळ १० मायक्रोलिटर धरलं. ५ मिमी व्यासाची आणि अर्धा मिमी खोल गोल चकती घेतली तरी जवळजवळ तेवढंच येतं, त्या अंदाजाने पान आखायचं. एका चिपवर चार पानं: एक नॉर्मल डीएनए, एक सिकलचा डीएनए, एक तपासायचा नमुना आणि एक फक्त पाणी. ही पाण्याची खोली कधीही वगळायची नाही, त्याचं कारण खाली येईल.

साच्यासाठी अर्धा मिमी जाडीची पारदर्शक पॉलिस्टर शीट लेसरने कापून घेतली, सातपूर अंबडकडे अ‍ॅक्रिलिकचे बोर्ड कापणारे आहेत ते करून देतात, फाईल आपणच नीट काढून न्यायची. पातळ चॅनलसाठी तर गाडीवर नावं कापून देणाऱ्या रेडियमवाल्याकडेच काम होतं, त्याच्या कटरवर व्हिनाइलची पट्टी साधारण ०.१ मिमी जाडीची निघते आणि अर्ध्या मिमीपर्यंत बारीक रुंदी ठीक येते, त्याहून बारीक मागू नका, कडा फाटते. एक इशारा, व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, ते ब्लेडनेच कापायचं, लेसरवर टाकलं तर क्लोरीनवाला विषारी धूर निघतो, दुकानदाराला माहीत नसेल तर आपण सांगायचं. आणि थ्रीडी प्रिंटरवर रेझिनचा साचा करायचा मोह होईल, तो आवरा, त्या रेझिनच्या संपर्कात पीडीएमएस, म्हणजे साच्यात ओतून ज्याची चिप बनते ते रबर, नीट सेट होत नाही, चिकट राहतं.

कापलेली पानं ९० मिमीच्या पेट्री डिशच्या तळाला पातळ डबल साइड टेपने चिकटवा, हवा राहू देऊ नका, टेपची कडा पानाच्या बाहेर आलेली असेल तर ती चिपमध्ये जशीच्या तशी उमटते.

पीडीएमएस ओतणं

पीडीएमएस म्हणजे पारदर्शक सिलिकॉन रबर, सिलगार्ड १८४ या नावाने दोन बाटल्यांत मिळतं. प्रमाण वजनाने १० ला १. एका डिशला ३० ग्रॅम बेस आणि ३ ग्रॅम क्युरिंग एजंट घेतलं की ५ मिमीच्या आसपास जाड थर मिळतो. वजन काट्यावरच करा, अंदाजाने नाही. प्लास्टिकच्या चमच्याने पाच मिनिटं घोटायचं, कडेचं आणि तळाचं खरवडून आत घेत, ते दुधावरच्या फेसासारखं पांढरं दिसायला लागलं म्हणजे मिसळलं. मग व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये अर्धा पाऊण तास. पहिल्या पाच मिनिटांत फेस वर चढतो, तेव्हा समोरून उठायचं नाही, कडेपर्यंत आला की हवा थोडी सोडून तो बसवायचा आणि परत पंप लावायचा. आमच्याकडे जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर उलटा जोडून पंप केलाय, दोन वर्षं चालतोय.

हातात लॅटेक्सचे ग्लोव्ह्ज अजिबात नकोत. यातल्या प्लॅटिनम कॅटॅलिस्टला गंधक बाधतं आणि लॅटेक्समध्ये ते असतं, जिथे बोट लागलं तिथे ठिपका ओला राहतो. एकदा अख्खी डिश चिकट राहिली आणि आम्ही दोन दिवस बाटलीला दोष देत बसलो, निघालं काय तर ग्लोव्ह्जचा खोका बदलला होता. नायट्राइलचे वापरा.

सेट व्हायला ओव्हनमध्ये ६५ ते ७० अंशावर तीन चार तास पुरतात, त्याच्या वर पेट्री डिश वाकायची भीती. ओव्हन नसेल तर २५ अंशाला ४८ तास, पण हे २५ अंश नाशिकच्या डिसेंबर जानेवारीत रात्री कुठून आणणार? निफाडला पारा खाली गेल्याची बातमी येते त्या आठवड्यात आमच्या खोलीत तिसऱ्या दिवशीही बोट लावलं की ठसा उठत होता. थंडीत ओव्हनच वापरा.

सेट झालं की स्काल्पेलने कापून उचला, आत यायच्या जायच्या तोंडाला १ मिमीच्या बायोप्सी पंचने भोकं पाडा, पंच सरळ धरून एका दमात दाबायचा आणि आतला तुकडा काढून टाकायचा, तो राहिला तर चॅनलमध्ये जाऊन बसतो. मग पारदर्शक चिकटपट्टी लावून ओढायची, धूळ निघते.

काचेला चिकटवायला चांगल्या लॅबमध्ये ऑक्सिजन प्लाझ्मा असतो, दोन्ही बाजू काही सेकंद प्लाझ्मात धरून लगेच एकमेकांवर टेकवल्या की कायमचं जुळतं. आपल्याकडे तो नसेल तर दुसरा रस्ता: स्वच्छ काचेच्या स्लाइडवर कच्च्या पीडीएमएसचा अगदी पातळ हात फिरवायचा, ब्लेडने जेवढा निघेल तेवढा काढायचा, ओव्हनमध्ये चिकट होईपर्यंतच ठेवायचा, मग वर चिप ठेवून हलका दाब देऊन पूर्ण सेट करायची. थर जाड राहिला तर तो खोलीत वर चढतो, म्हणून पहिले दोन तुकडे सरावाचेच समजा.

आता पीडीएमएसचा खरा दुर्गुण. पाण्याची वाफ त्यातून आरपार जाते. १० मायक्रोलिटर द्रव ९५ अंशावर पुन्हा पुन्हा गेला की अर्ध्या तासात खोली कोरडी. आम्ही साच्यात ओतताना आधी पातळ थर ओतून अर्धा सेट केला, पानाच्या बरोबर वर कव्हर स्लिप ठेवली आणि मग बाकीचं ओतलं, म्हणजे खोलीच्या छतात काच आली. एवढ्या एका बदलाने आमची चिप पहिल्यांदा ३५ फेऱ्या पुरली. तोंडांवर मिनरल ऑइलचा थेंब आणि वरून पीसीआरची सीलिंग फिल्म.

हीटर आणि तापमान

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बायोलॉजीवाली मुलं मिक्सवर, म्हणजे खोलीत भरायच्या पीसीआरच्या द्रवावर, जीव टाकतात आणि तापमान कंट्रोलरच्या आकड्यावर सोडून देतात, माझ्या अनुभवात चिप बिघडते ती बहुतेक वेळा इथेच.

टीईसी१-१२७०६ नावाची ४० मिमीची पेल्टियर प्लेट १२ व्होल्टवर चालते, कमाल ६ अँपियर घेते, करंटची दिशा उलटवली की तीच प्लेट थंड करते. तिच्याखाली कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा हीटसिंक आणि पंखा, दिशा बदलायला एच-ब्रिज मोटर ड्रायव्हर, हुकमाला आर्डुइनो, आणि १२ व्होल्ट १० अँपियरची पॉवर सप्लाय, हे सगळं एमजी रोडला मिळून जातं नाहीतर ऑनलाइन मागवा. हीटसिंक आणि पंखा लावल्याशिवाय प्लेट एकदाही चालू करू नका, बघता बघता ती आतून जाते. वरती दीड मिमीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, मध्ये थर्मल पेस्ट, पट्टीत छिद्र पाडून सेन्सर.

आता मुख्य मुद्दा, सेन्सर पट्टीचं तापमान सांगतो, पाण्याचं नाही. मध्ये काच आहे, काच उष्णता धातूसारखी सोडत नाही आणि पीडीएमएस तर काचेच्याही पाच सहा पट वाईट. म्हणून एक डमी चिप बनवायची, तिच्या खोलीत बारीक तारेचं के-टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, ओततानाच बसवायचं, पाणी भरायचं आणि अख्खा प्रोग्राम चालवून दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे. आमच्याकडे पट्टी ९५ दाखवत होती तेव्हा पाणी ८८ वर होतं, आणि ८८ ला डीएनएच्या दोन पट्ट्या नीट सुटतच नाहीत, आम्ही मात्र तीन आठवडे प्रायमर, म्हणजे कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, बदलत बसलो होतो. प्रायमर बरोबर होते.

फरक कळला म्हणून पट्टी सरळ १०५ ला नेऊ नका. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, इथे पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपासच उकळतं. मुंबईत बनवलेला प्रोटोकॉल इथे त्या दोन अंशांनी अडतो, खोलीत वाफेचे बुडबुडे उठतात आणि द्रव तोंडातून बाहेर येतो. पाणी ९४ वर थांबवा, तेवढं पुरतं.

बुडबुड्यांचं बाकी कारण द्रवात विरघळलेली हवा. मिक्स भरण्याआधी नुसतं पाणी गरम करून हवा काढा, आणि चिप व्हॅक्यूममध्ये दहा पंधरा मिनिटं ठेवून लगेच भरा, मग पीडीएमएस स्वतःच हवा शोषून घेतं. भरताना पिपेट तिरका धरून एका तोंडातून हळूहळू, दुसऱ्या तोंडावर थेंब दिसेपर्यंत, आणि थेंब दिसला तरी पिपेटचा अंगठा सोडायचा नाही, आधी टीप बाहेर काढायची, नाहीतर तीच हवा परत आत ओढली जाते.

मिक्स

चिपची भिंत एंझाइम खाते, हे सगळ्यात न सांगितलं जाणारं सत्य. १० मायक्रोलिटरला एवढी भिंत लागलेली असते की प्रती काढणारं एंझाइम, टॅक पॉलिमरेज, तिलाच चिकटून बसतं आणि ट्यूबमध्ये मस्त चालणारा मिक्स चिपमध्ये रिकामा येतो. इलाज म्हणजे बीएसए (गाईच्या रक्तातलं एक प्रथिन), तो आधी भिंत व्यापतो. खोली भरण्याआधी बीएसएच्या द्रवाने अर्धा तास भरून ठेवा आणि मिक्समध्येही घाला.

आमचं प्रमाण असं: २एक्स मास्टर मिक्स ५ मायक्रोलिटर, १० मायक्रोमोलरचे दोन्ही प्रायमर अर्धा अर्धा, १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा बीएसए १, डीएनए १, पाणी २. एकूण १०. सुरुवात ९४ ला तीन मिनिटं, मग ९४ ला १५ सेकंद, ६० ला २० सेकंद, ७२ ला २० सेकंद, अशा ३५ फेऱ्या. मधलं ६० हे तुमच्या प्रायमरप्रमाणे बदलेल. प्रत्येक वेळी हाच मिक्स साध्या थर्मल सायकलरमध्येही लावा, तिथे जेलवर डीएनएची पट्टी आली आणि चिपमध्ये नाही तर दोष चिपचा, दोन्हीकडे नाही तर दोष मिक्सचा, भांडण तिथेच मिटतं.

सरावाला माणसाचं रक्त घेऊ नका. बीटा ग्लोबिनचा नॉर्मल आणि सिकल असा दोन्ही तुकडा सिंथेटिक डीएनए म्हणून मागवता येतो, त्यावर महिने महिने सराव करा, कुणाची संमती लागत नाही आणि कुणाच्या मनाला धाकधूक नाही. फक्त ती बाटली उघडताना डोळ्यात तेल घालून उघडा, ५०० बेसच्या तुकड्याच्या एका नॅनोग्रॅममध्ये एक अब्जाहून जास्त प्रती असतात, एक शिंतोडा उडाला तर पुढचे सहा महिने तुमचा प्रत्येक नमुना सिकल दाखवेल. पातळ करायचं काम वेगळ्या खोलीत, वेगळ्या पिपेटने, फिल्टर टीपने, आणि ज्याने ते केलं त्याने त्या दिवशी मिक्स बनवायचा नाही. चौथ्या खोलीतलं पाणी यासाठीच. पाण्यात पट्टी दिसली की त्या दिवसाचं सगळं रद्द, कितीही सुंदर जेल आलेलं असलं तरी. आमच्या मुलांना सगळ्यात जड हेच गेलं, आठवड्याची मेहनत फेकायची, पण फेकायची.

पुढे रक्तावर जायचंच झालं तर नमुना ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घ्यावा, हेपॅरिनच्या नाही, हेपॅरिन पीसीआर अडवतं. रक्तातलं हीमही अडवतं, म्हणून डीएनए किटने स्वच्छ काढून मगच चिपवर.

एक अक्षर कसं वाचायचं

शिकायला सगळ्यात चांगली पद्धत एंझाइमने कापायची. डीडीई-वन नावाचं रेस्ट्रिक्शन एंझाइम सीटीएनएजी हा क्रम ओळखतं, यातल्या एनच्या जागी कुठलंही अक्षर चालतं. नॉर्मल जीनमध्ये त्या जागी सीटीजीएजी आहे, म्हणजे कापलं जातं. सिकलमध्ये सीटीजीटीजी झालं, एंझाइम ओळखतच नाही, तुकडा अखंड राहतो. चिपमधला द्रव वेगळ्या टेबलावर, मिक्सच्या खोलीपासून लांब, काढून घ्यायचा, ३७ अंशाला तासभर एंझाइमबरोबर ठेवायचा आणि अडीच तीन टक्के अगारोज जेलवर चालवायचा, तिथे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात. सगळं कापलेलं दिसलं तर एए म्हणजे नॉर्मल, सगळं अखंड तर एसएस म्हणजे पेशंट, दोन्ही दिसलं तर एएस म्हणजे वाहक, ज्याला सिकलचा जीन आई किंवा वडील एकाच बाजूने आलाय.

यात एक खड्डा आहे. एंझाइमने आळस केला आणि नॉर्मल माणसाचा तुकडा अर्धवटच कापला तर जेलवर तो हुबेहूब वाहकासारखा दिसतो. म्हणून प्रायमर असे निवडा की वाढवलेल्या तुकड्यात डीडीई-वनची अजून एक कायमची जागा असेल, जी नॉर्मल आणि सिकल दोघांत कापली जायलाच हवी. ती पूर्ण कापली गेली नसेल तर जेल वाचायचंच नाही. आमच्या त्या मुलीने हे स्वतः शोधून काढलं, जेलचा फोटो घेऊन आली आणि म्हणाली, मॅडम, हा वाहक नाहीये, वरची पट्टी बघा, एंझाइमच चाललं नाहीये. वरच्या बाजूला जी अंधुक रेघ होती ती मलाही दिसली नव्हती.

हात बसल्यावर चिप न उघडता वाचायच्या पद्धतीकडे जा, प्रायमरचं शेवटचं अक्षरच सिकलला किंवा नॉर्मलला जुळेल असं ठेवायचं आणि चमकणाऱ्या डायने खोलीतच बघायचं, याला आर्म्स पीसीआर म्हणतात. त्यासाठी प्रत्येक नमुन्याला दोन खोल्या लागतात, आणि कुठल्याही माणसात यायलाच हवा असा तिसरा एक तुकडा सोबत वाढवायचा, नाहीतर काहीच न चमकणं म्हणजे नॉर्मल की चिप बंद पडली हे कळणार नाही.

याचा अर्थ काय लावायचा

हे मी प्रत्येक बॅचला दोनदा सांगते. पहिलं, आपल्याकडे कॅम्पमध्ये जी सोल्युबिलिटी टेस्ट होते ती वाहक आणि पेशंट दोघांनाही पॉझिटिव्ह दाखवते आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळात भरवशाची नसते, कारण तेव्हा बाळाचं हिमोग्लोबिन अजून गर्भातलंच असतं. जीनची तपासणी जन्मल्या दिवसापासून चालते, चिपचं मोठं काम इथे आहे. दुसरं, जीनची ही तपासणी फक्त ती एक जागा बघते. एखाद्याला एका बाजूने सिकल आणि दुसऱ्या बाजूने बीटा थॅलेसेमिया आलेला असेल तर तुमची चिप त्याला एएस, म्हणजे वाहक, ठरवेल आणि तो माणूस खरोखर आजारी असेल. म्हणून एचपीएलसी, म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, सोडून चालत नाही, चिप तिच्या जोडीला, तिच्या जागी नाही. दुखणं आहे आणि चिप वाहक म्हणतेय, तर माणसावर विश्वास ठेवा आणि डॉक्टरांकडे पाठवा.

आई वडील दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के शक्यता बाळ एसएस असण्याची, ५० टक्के वाहक, २५ टक्के नॉर्मल. प्रत्येक बाळंतपणात, म्हणजे पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली असं नाही. हे गावात समजावताना आम्ही ज्वारीचे पांढरे आणि लाल रंगवलेले दाणे दोन वाट्यांत ठेवून डोळे मिटून एकेक उचलायला लावतो, आकड्यांपेक्षा ते पटकन कळतं. आणि वाहक म्हणजे आजारी नव्हे हे तिथल्या तिथे, त्याच वाक्यात सांगायचं, नाहीतर मुलीचं लग्न अडतं. सिकलसेल सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबककडच्या आदिवासी घरांत आहे म्हणून तो त्यांचा दोष होत नाही, मलेरियाच्या भागात वाहकाला त्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळत आलं म्हणून हा जीन टिकला. गर्भातलं निदान हा तर फक्त नोंदणीकृत केंद्राचा आणि डॉक्टरांचा विषय, १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा वाचल्याशिवाय कॉलेजच्या लॅबने त्या दिशेला बघायचंही नाही.

तसंच कॉलेजच्या चिपवरचा निकाल कुणालाही रिपोर्ट म्हणून द्यायचा नाही, तोंडीसुद्धा नाही, स्वतःच्या नातेवाइकाला तर नाहीच. निदानाचं साधन म्हणून वापरायला मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ खालचं लायसन लागतं, आणि माणसाचा नमुना अभ्यासाला घ्यायचा तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी आणि मराठीत, जमलं तर त्यांच्या बोलीत समजावून घेतलेली लेखी संमती. आपल्याकडे सरकारचं सिकलसेल निर्मूलनाचं मिशन १ जुलै २०२३ पासून सुरू आहे, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवलंय आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं होतं, त्यामुळे कुणी विचारलं तर त्यांना जवळच्या आरोग्य केंद्रात पाठवा, तिथे तपासणी होते.

आवरताना

वापरलेली चिप धुऊन परत घ्यायचा विचार सोडा, पीडीएमएस मागच्या वेळचं सगळं थोडं थोडं शोषून ठेवतं. चिप, टीप, ट्यूब हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास बुडवून मग जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे, प्लास्टिक लाल पिशवीत, रक्त लागलेला कापूस पिवळ्या, सुया आणि ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. पेल्टियर लगेच बंद न करता २५ अंशावर आणून पाच मिनिटांनी बंद करा, सारखं एकदम तापवणं आणि निववणं तिला सोसत नाही, आमची पहिली साडेतीनशे फेऱ्यांतच गेली. लाइट जायच्या भीतीने यूपीएस ठेवा, फेरी मध्येच तुटली तर ती चिप परत सुरू करण्यात अर्थ नाही.

आणि प्रत्येक चिपमागे वहीत एक पान: साचा कुठला, पीडीएमएस कधी ओतलं, खोलीत त्या दिवशी किती अंश होते, डमी चिपने काय दाखवलं, पाण्याच्या खोलीत काय आलं. आमच्या वहीत ४१ पानं झाली तेव्हा पहिल्यांदा चारही खोल्या जशा यायला हव्या होत्या तशा आल्या. ४२ व्या पानावर त्या मुलीने फक्त तारीख टाकून ठेवलीय, या पावसाळ्यानंतर एथिक्स कमिटीचं पत्र हातात आलं की तिथून पुढे.